ओरडलं की मिळतं, हे शिकवलं कोणी?

जुलै २०१३ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स २’ या गेममधल्या एका बंदुकीत बदल झाला. डीएसआर ५० नावाच्या स्नायपर रायफलने एक गोळी झाडल्यावर दुसरी झाडायला लागणारा वेळ ०.२ सेकंदांवरून ०.४ सेकंद करण्यात आला. रोज तीच बंदूक घेऊन खेळणाऱ्याच्या बोटांना एवढा फरकही जाणवतो, हे खरं आहे. पण या बदलानंतर स्टुडिओचे डिझाइन डायरेक्टर डेव्हिड व्हॉन्डरहार यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. धमक्या देणारे त्या गेमचे शत्रू नव्हते. त्यात रमणारे, त्याची बारीकसारीक माहिती असणारे चाहतेच होते.

अशी बातमी आली की न खेळणाऱ्यांचं मत तयारच असतं. ही पोरं बिघडलेली आहेत, दिवसभर गोळीबार करतात, मग डोकं ठिकाणावर कसं राहील? खेळणाऱ्यांचंही एक ठरलेलं उत्तर असतं: चार टवाळखोर सगळीकडेच असतात, त्यांच्यावरून सगळ्यांना नावं ठेवू नका. मला ही दोन्ही उत्तरं सोयीची वाटतात. पहिलं गेमकडे बोट दाखवून मोकळं होतं, दुसरं त्या चौघांकडे. दोन्हींत कुणालाच काही करावं लागत नाही.

‘लीग ऑफ लेजेंड्स’ बनवणाऱ्या रायट गेम्सने या प्रश्नाचा काही वर्षं पद्धतशीर अभ्यास केला. जेफ्री लिन यांच्या गटाला असं दिसलं, की सतत वाईट वागणारे खेळाडू एक टक्क्याच्या आसपास आहेत आणि एकूण शिवीगाळीतला त्यांचा वाटा फार तर पाच टक्के आहे. बाकीचा बहुतेक त्रास एरवी नीट वागणाऱ्या खेळाडूंकडूनच होत होता, एखाद्या वाईट दिवशी, एखादा डाव हातचा गेल्यावर. म्हणजे त्या ‘चार टवाळखोरां’ना उद्या सकाळी कायमचं हाकलून दिलं तरी संध्याकाळचं वातावरण जवळपास तसंच राहील.

याच कंपनीचा एक साधा प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. विरुद्ध संघाशी गप्पा मारण्याची सोय गेममध्ये आधी आपोआप सुरू असायची. ती बंद ठेवली आणि ज्याला हवी त्याने ती स्वतः सुरू करावी, असं केलं. सोय वापरणाऱ्यांचं प्रमाण साधारण तेवढंच राहिलं, पण त्या गप्पांमधली शिवीगाळ ३० टक्क्यांहून जास्त घटली. कुणाला उपदेश केला नाही, कुणावर नव्याने बंदी घातली नाही. माणसं तीच, गेम तोच. मांडणी बदलली आणि वागणं बदललं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: चाहत्यांच्या समूहात दिसणारा राग हा स्वभाव कमी आणि शिकवण जास्त आहे. गेम बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांनीच आपल्या वागण्यातून चाहत्यांना शिकवलंय, की नीट शब्दांत मांडलेली तक्रार महिनोन्‌महिने पडून राहते आणि झुंडीने केलेल्या आरडाओरड्याला तीन दिवसांत उत्तर मिळतं. शिकवलेलं तर विसरायला लावता येतं. पण त्यासाठी कंपन्यांना आपल्या हातातली थोडी सत्ता सोडावी लागेल, आणि तिथेच घोडं अडतं.

मुळात हे समूह कशाने बांधलेले असतात, ते आधी पाहायला हवं. बाहेरून वाटतं, की एकच वस्तू विकत घेतलेल्या गिऱ्हाइकांचा हा घोळका आहे. आत कामाचा डोंगर असतो. ‘डार्क सोल्स’ २०१२ मध्ये संगणकावर आला तेव्हा पडदा कितीही मोठा असला तरी चित्र आतून १०२४ गुणिले ७२० इतक्याच ठिपक्यांत तयार होत होतं, त्यामुळे सगळं धूसर दिसायचं. ‘ड्युरांटे’ या टोपणनावाच्या चाहत्याने त्याच दिवशी त्यावर उपाय काढला आणि फुकट वाटला. ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ २००४ मध्ये अर्धाकच्चा बाजारात आला, पुढच्याच वर्षी तो बनवणारा स्टुडिओ बंद पडला, आणि तरीही चाहत्यांनी वर्षानुवर्षं दुरुस्त्या करत तो खेळण्याजोगा ठेवला. कुठल्या राक्षसाला कुठला वार लागतो, कुठलं दार कधी उघडतं, याचे हजारो पानांचे कोश लोक आपल्या झोपेच्या वेळात लिहितात. त्यात चूक सापडली तर रात्री दोन वाजता उठून ती सुधारणारे लोक आहेत.

कामासोबत माणसंही जोडली जातात. नॉर्वेतल्या मॅट्स स्टीन या तरुणाला डुशेन हा स्नायू झिजवणारा आजार होता. शेवटची काही वर्षं तो बराच वेळ ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये असायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. आपला मुलगा एकाकी आयुष्य जगला, याचं आईवडिलांना दुःख होतं. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली, आणि अनोळखी लोकांचे ईमेल येऊ लागले. कुणाला त्याने घरच्यांशी तुटलेला संवाद पुन्हा जोडायला मदत केली होती, कुणाचं वाईट दिवसांत शांतपणे ऐकून घेतलं होतं. त्याच्या गटातले काहीजण परदेशातून अंत्यविधीला आले. ज्या समूहातून धमक्या निघतात, त्याच प्रकारच्या समूहाची ही दुसरी बाजू आहे. या दोन्ही बाजू एकत्र धरल्याशिवाय मला तरी या विषयावर बोलता येत नाही.

एवढं काम, एवढी नाती एखाद्या गोष्टीत गुंतली की ती आपली वाटू लागते. कायद्याने ती कंपनीची असते. हा ताण या समूहांच्या गाभ्यात आहे आणि तो कधीच पुरता सुटत नाही. त्यात समूहाच्या आत प्रतिष्ठेची एक उतरंड असते. इथे पैशाला, शिक्षणाला, वयाला किंमत नसते. किंमत असते ती माहितीला आणि जुनेपणाला. पहिल्या आवृत्तीपासून खेळणारा, आकडे तोंडपाठ असणारा, नवख्याच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देणारा मोठा मानला जातो. ही प्रतिष्ठा त्याने प्रामाणिकपणे कमावलेली असते. पण कंपनीच्या एका अपडेटने तिचा पाया हलतो. ज्या बंदुकीत, ज्या पात्रात, ज्या डावपेचात त्याने वर्ष-दोन वर्षं घातली, ते रातोरात निरुपयोगी होतं आणि तो नवख्याच्या रांगेत येऊन उभा राहतो. बाहेरच्याला हास्यास्पद वाटणारा राग अनेकदा इथून येतो. धमकी त्यामुळे क्षम्य ठरत नाही. पण राग कशाचा आहे हे समजलं, तर त्याला धमकीशिवाय दुसरी वाट करून देता येते.

अशा रागाच्या आठवड्यात समूहात काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी मतं बरीच वेगवेगळी असतात. कुणी लिहितं की बदल वाईट आहे, कुणी लिहितं की दोन आठवडे खेळून पाहू. दुसऱ्या दिवशी ज्याने सगळ्यात बोचरं लिहिलं त्याला सगळ्यात जास्त पसंती मिळते, आणि बाकीच्यांना सूर कळतो. तिसऱ्या दिवशी एखादी मुलगी लिहिते, ‘मला हा बदल आवडला, मी दुसरं हत्यार वापरते, आता खेळ जास्त बरोबरीचा वाटतो.’ तिला उत्तर येतं, ‘कंपनीने किती दिले?’ मग तिची जुनी पोस्ट शोधून काढली जाते, ती खरी चाहती नाहीच असं सिद्ध केलं जातं. ती भांडत नाही. बोलणं थांबवते. तिच्यासारखे इतर शेकडो लोक ते नुसतं वाचतात आणि आपलं मत आपल्यापाशीच ठेवतात. अशा जागांवर लिहिणाऱ्यांपेक्षा वाचणारे नेहमीच कित्येक पटींनी जास्त असतात, त्यामुळे ही गळती दिसतही नाही. आठवडा संपेपर्यंत समूह एकमुखाने बोलतोय असं चित्र तयार होतं. तो एकमुखी नसतो. बाकीची तोंडं बंद झालेली असतात.

कंपनीला मात्र तेवढाच आवाज ऐकू येतो, आणि ती त्यालाच उत्तर देते.

नोव्हेंबर २०१७ मधलं ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’चं प्रकरण घ्या. पूर्ण किंमत मोजून विकत घेतलेल्या गेममध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला ६०,००० क्रेडिट (गेममधलं चलन) लागत होते, आणि खेळून तेवढे जमवायला साधारण ४० तास लागतील, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. गेम विकणाऱ्या ईए या कंपनीने रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर उत्तर दिलं, की पात्रं मिळवल्याचा अभिमान आणि काही साध्य केल्याचं समाधान खेळाडूंना मिळावं, असा यामागे हेतू आहे. त्या उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त नापसंतीची मतं पडली. लगेच किमती ७५ टक्क्यांनी खाली आल्या, आणि गेम सगळ्यांसाठी खुला होण्याच्या आदल्या दिवशी गेममधली खऱ्या पैशांची खरेदीच तात्पुरती बंद झाली. चाहते इथे शंभर टक्के बरोबर होते. पुढे एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगारविषयक आयोगाने काही गेममधल्या लूट बॉक्सना, म्हणजे आत काय निघेल हे न कळता पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना, जुगार ठरवलं. म्हणजे ज्या व्यवहाराकडे पाहायला सरकारी यंत्रणांना वेळ लागला, त्याचं खरं रूप खेळाडूंनी आधीच ओळखलं होतं.

मे २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’च्या बाबतीत पुन्हा हेच झालं. स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेतलेल्यांनी सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क खातं जोडलंच पाहिजे, असं ३ मे रोजी जाहीर झालं. अनेक देशांत असं खातं अधिकृतपणे काढताच येत नाही, पण तिथल्या लोकांनाही गेम विकलेला होता. दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू पडले आणि ६ मेपर्यंत सोनीने निर्णय मागे घेतला. इथेही मागणी रास्तच होती. पण यातून कुठल्याही खेळाडूने काय शिकावं? विचारून, पत्र लिहून, आकडे मांडून जे होत नाही, ते आठवड्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत झुंडीने होतं, हेच.

आणि एकदा हे हत्यार चालतं म्हटल्यावर ते कुणावर चालवायचं, हे झुंड ठरवते. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ जून २०२०मध्ये आला. त्यातल्या एका पात्राने कथेत केलेलं कृत्य अनेक चाहत्यांना सहन झालं नाही. त्या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. कथा त्यांनी लिहिली नव्हती. ‘नो मॅन्स स्काय’ काही आठवडे पुढे ढकलला गेला म्हणून २०१६ मध्ये तो बनवणाऱ्या शॉन मरे यांना तशाच धमक्या आल्या, आणि ती बातमी आधी देणाऱ्या पत्रकारालाही. ‘सायबरपंक २०७७’मधल्या एका दृश्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो, अशी सूचना स्वतः झटका सोसलेल्या एका समीक्षिकेने डिसेंबर २०२० मध्ये दिली. तिला काही लोकांनी मुद्दाम तसेच लखलखणारे व्हिडिओ पाठवले. एका आजारी माणसाला झटका यावा म्हणून केलेली ही कृती आहे. तिला ‘चाहत्यांची नाराजी’ म्हणणं मला शब्दांचा गैरवापर वाटतो.

दरवेळी लक्ष्य कंपनीतलंच असतं असंही नाही. एप्रिल २०१५ मध्ये स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हने आणि ‘स्कायरिम’ हा गेम बनवणाऱ्या बेथेस्डाने त्या गेमसाठी चाहत्यांनी बनवलेले मॉड (गेममध्ये घालायचे बदल आणि भर) पैसे घेऊन विकण्याची सोय सुरू केली. बनवणाऱ्याला मिळणार होते २५ टक्के. हा वाटा अन्यायाचा होता आणि त्यावर भांडायला हवं होतं. पण संतापाचा मोठा भाग वळला तो त्या मॉड बनवणाऱ्यांवर, ज्यांनी आजवर सगळं फुकट दिलं होतं आणि आता थोडे पैसे घेऊ पाहत होते. चार दिवसांत योजना गुंडाळली गेली. कंपन्यांचं फारसं काही बिघडलं नाही. शिव्या आपल्याच माणसांनी आपल्याच माणसांना घातल्या.

माझ्या मते सगळ्यात वाईट धडा दिला गेला तो जुलै २०१८ मध्ये. ‘गिल्ड वॉर्स २’ बनवणाऱ्या अरीनानेटने आपल्या दोन लेखकांना कामावरून काढलं. त्यांतल्या एकीचा ट्विटरवर एका नावाजलेल्या खेळाडूशी वाद झाला होता आणि दुसऱ्याने तिची बाजू घेतली होती. कोणाचं बोलणं किती तिखट होतं, यावर मतभेद असू शकतात. पण त्या काही दिवसांत जगभरच्या चाहत्यांच्या समूहांपर्यंत एक गोष्ट पोचली: पुरेसा आवाज केला तर माणसाची नोकरीही जाऊ शकते.

याउलट जिथे खेळाडूंना बोलण्याची ठरलेली जागा आहे, तिथे काय दिसतं? ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेलं एक मंडळ आहे. निवडून आलेल्यांना कंपनी आइसलँडला बोलावते, पुढच्या योजना दाखवते, त्यांचं म्हणणं ऐकते. २०११ च्या उन्हाळ्यात तिथेही भडका उडाला. आभासी कपड्यांच्या अवाजवी किमती आणि कंपनीतून फुटलेली काही कागदपत्रं हे त्याचं निमित्त. हजारो खेळाडू गेममधल्या जिटा या व्यापारी केंद्रात जमले आणि तिथल्या स्मारकावर गोळ्या झाडत राहिले. राग कमी नव्हता. पण कंपनीने मंडळाच्या सदस्यांना तातडीने रेक्याविकला बोलावलं, आणि समोरासमोर बसून बोलणी झाली. बोलणारे कोण, त्यांना कोणी निवडलं, ते कोणाला उत्तरदायी आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. मोर्चा निघाला आणि मोर्चाचं निवेदन घेणारं कुणीतरी दारात उभं होतं.

‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ने त्याहून पुढचं पाऊल टाकलं. तो गेम २०१३ मध्ये सुरू झाला तोच खेळाडूंच्या मतदानातून, आणि नवी भर घालायची तर ७५ टक्के मतं मिळाली पाहिजेत, असा नियम बरीच वर्षं होता. नंतर ती अट ७० टक्क्यांवर आली. मतदान हरलेल्यांनाही कळतं, की आपण मोजले गेलो होतो. पोस्टखाली दहा हजार शिव्या पडल्या की तेवढे लोक चिडलेत एवढंच कळतं. न चिडलेले किती, हे मतपेटीतच दिसतं. वर जिच्याबद्दल लिहिलं ती गप्प बसलेली मुलगी मतदानात गप्प नसते. मला या पद्धतीचं मोल सगळ्यात जास्त या एका गोष्टीसाठी वाटतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. गेम ही कला आहे. कादंबरीचा शेवट वाचकांच्या मतदानाने ठरवायचा का? नाही ठरवायचा. ‘मास इफेक्ट ३’च्या शेवटावरून मार्च २०१२ मध्ये मोठा गदारोळ झाला. त्यातल्या काही चाहत्यांचा निषेध आजही लक्षात राहण्यासारखा आहे. गेमचे तीन शेवट फक्त रंगाने वेगळे आहेत, हे सांगायला त्यांनी तो बनवणाऱ्या बायोवेअरला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे सुमारे ४०० कपकेक पाठवले. चव सगळ्यांची एकच. दुसऱ्या गटाने चाइल्ड्स प्ले या मुलांच्या रुग्णालयांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी ८०,००० डॉलरच्या आसपास निधी जमवला. जून २०१२ मध्ये कंपनीने विस्तारलेला शेवट फुकट दिला. मूळ कथा बदलायला मात्र ती तयार झाली नाही, आणि ते योग्यच झालं. कथा, पात्रं, शेवट हा बनवणाऱ्यांचा अधिकार आहे. चाहत्याला तो नावडण्याचा पूर्ण हक्क आहे, बदलून घेण्याचा नाही.

मतदानाची दुसरी मर्यादा ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’मध्येच दिसली. जून २०१७ मध्ये तिथे समलैंगिक आणि इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या सन्मानार्थ एक छोटा उत्सव ठेवला गेला. त्यावर मतदान का घेतलं नाही, म्हणून काही खेळाडूंनी गेममध्ये निदर्शनं केली. कंपनीने मतदान घेतलं नाही, आणि घ्यायला नकोच होतं. कुणी समूहात सन्मानाने असावं की नाही, हा बहुमताचा प्रश्न नाही. पण पैसे कशाचे घ्यायचे, विकत घेतलेली गोष्ट पुढे बंद कधी होऊ शकते, कुठली खाती सक्तीची, बंदी घालण्याचे नियम कोणते आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची, या गोष्टी कलेच्या नाहीत, व्यवहाराच्या आहेत. त्यांत खेळाडूंना अधिकृत आवाज असायला हवा, आणि तो निर्णय जाहीर होण्याच्या आधी. वाद पेटल्यावर दिलेली माफी ऐकायची सवय आता सगळ्यांना झाली आहे.

राहिला रोजच्या सांभाळाचा प्रश्न. या समूहांमध्ये भांडणं सोडवणारे, धमक्या वाचून त्या काढून टाकणारे, नवख्यांना सांभाळून घेणारे बहुतेक मॉडरेटर बिनपगारी चाहते असतात. जे शब्द बाकीच्यांच्या नजरेला पडू नयेत, ते सगळे त्यांच्या नजरेखालून जातात. कंपनीने चूक केली की पहिल्या शिव्या त्यांनाच बसतात, कारण हाताशी तेच असतात. आणि त्यांच्याकडे ना कंपनीची माहिती असते, ना कुठला अधिकार. हा प्रश्न नवा नाही. अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या गप्पांच्या जागा सांभाळणारे स्वयंसेवक १९९९ मध्येच वेतनासाठी न्यायालयात गेले होते. चाहत्यांनी स्वतःहून उभारलेली जागा चाहत्यांनी सांभाळणं मी समजू शकते. पण कंपनीच्या नावाने, कंपनीच्या चिन्हाखाली, कंपनीच्या विक्रीसाठी चालणाऱ्या जागेत हे काम फुकट करून घेणं चूक आहे. त्यांना पगार हवा, लिखित नियम हवेत, धमकी आली तर पोलिसांपर्यंत जायला कंपनीचे वकील पाठीशी हवेत. आवाज, संगीत, सर्व्हर यांच्या खर्चाशेजारीच हा खर्चही गेमच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरला गेला पाहिजे.